लाल पट्टीतला काटा
तापलेल्या रेडिएटरचा वास आला की दूध संघाची जुनी गाडी आठवते. दुष्काळ होता, अन् इंजिनाच्या तापमानाचा काटा सारखा लाल पट्टीत जायचा. मी तिथं मेकॅनिक. बॉनेट न उघडताच चेअरमनना म्हणालो, ड्रायव्हरकाका रेडिएटरचं पाणी घरी नेत असतील. “लेकरा, काठोकाठ भरलंय की!” काका म्हणाले, तरी त्यांना कामावरून काढलं. आठवड्यानं गार गाडीला चावी लावली, तर काटा थेट लाल! नुसता सेन्सर गेलता. गुपचूप बदलला. पुढं काका पालीच्या फाट्यावर भेटले. “आपली गाडी कशी हाय रं?” “बरी हाय, काका.” “मग झालं,” म्हणून हसले. आता त्यांच्या शेजारी बसून खरं सांगावंसं लई वाटतं, पण काका राहिले नाहीत.