शेठची उधारी आणि आईची पातेली

साजगावातली आमची खानावळ बंद पडली आणि आई एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जायला लागली, बाबा नेरळला दुसऱ्याच्या टेंपोवर. शेजारच्या कारखान्याने स्वतःचं कँटीन सुरू केलं, आमच्याकडे जेवायला कुणी उरलं नाही. किराणा देणाऱ्या शेठची उधारी मात्र उरली. त्याने खालापूरच्या कोर्टात वसुलीचा दावा लावला. सगळी रक्कम आमच्यावर बसली असती, तर कर्जतजवळचं दोन खोल्यांचं घर विकावं लागलं असतं.

मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, हे मी कुणालाही सांगते.

खानावळ बंद करताना बाबांनी मोठी पातेली, पराती, सगळं शेठच्या गोदामात नेऊन दिलं होतं, उधारीपोटी. पावती नाही. "मागायची कशी गं? माणूस काय म्हणंल?" वकिलालाही त्यांनी हे सांगितलं नाही. देणं आहे म्हटल्यावर घासाघीस करणं त्यांना चोरीसारखं वाटायचं.

दावा तडजोडीसाठी लोकन्यायालयात गेला, तिथे पूर्ण रकमेचा कागद पुढे आला. इथे सही झाली की पुढे अपील नाही. बाबांनी पेन उचललं.

"थांबा बाबा. भांड्यांचे पैसे कुठे वजा केलेत?"

"गप गं. खाल्लंय आपण त्याचं."

शेठ हसला. "पोरगी वकील झाली काय रं तुझी?"

"नाय शेठ, बी.कॉम. झालीय." तशातही बाबांची मान ताठ झाली.

समोरच्या न्यायाधीश बाईंनी विचारलं, "कसली भांडी?"

मी शेठकडे वळले. "काका, लग्नसराईत तुम्ही भाड्याने देता त्या पातेल्यांवर नाव कुणाचं आहे, तेवढं बाईंना सांगा."

आमच्याकडे नाव घातल्याशिवाय नवं भांडं चुलीवर चढत नाही. प्रत्येकावर आईचं नाव कोरलेलं होतं, आणि ती पातेली अर्ध्या तालुक्याच्या मांडवात फिरली होती. शेठ नाही कसं म्हणणार?

"हायेत माझ्याकडं. पण जुनी हायेत."

"मग जुन्याची किंमत लावा," बाई म्हणाल्या.

कागद नव्याने झाला, निम्म्याहून कमी रकमेचा, हप्त्यांनी फेडायचा. घरी बाबा आईला म्हणाले, "चारचौघांत शेठला खाली बघायला लावलं हिनं."

"बरं केलं," आई म्हणाली.

नोकरी लागल्यावर हप्ते मी माझ्या पगारातून भरले. उधारी फिटली. घर आमचंच आहे.