फ्लेक्सवरचा पहिला फोटो

नवनाथदादाची नक्कल करायची तर छातीत हवा भरायची, हनुवटी आत घ्यायची आणि वाक्याची सुरुवात 'ऐक, ऐक'नं करायची. कवठे येमाईत मी ती इतक्यांदा केलीय, की आता तो स्वतः बोलला तरी लोक हसतात.

दादा रांजणगावच्या कारखान्यात प्रेस मशीनवर आहे. आठवडाभर पत्रा ठोकायचा आणि रविवारी मोटारसायकल काढून भीमेपलीकडं खुटबावला जायचा. तिथं एका बंद गुऱ्हाळात त्याच्या दोस्ताचा, सम्राटचा, हेवी मेटल बँड वाजायचा. नाव 'चुलवाण', गुऱ्हाळातल्या भट्टीवरून. पाच वर्षं ऐकणारा हा एकटाच. पहिला अल्बम 'मळी' दादानं घरात लावला, तेव्हा त्याच्या आईनं मिक्सर बंद आहे का ते दोनदा पाहिलं.

यंदा दुसरा आला, 'काकवी'. गुरगुर गेली, सम्राट सरळ गळ्यानं गायला लागला, मध्ये ढोलकी आली. हळदी-हळदीत डीजेवर तेच. खंडूच्या सलूनमध्ये दोन तट पडले.

"ऐक, ऐक. रस उकळताना वर येती ती मळी. त्यात जाळ हाय. ही काकवी म्हंजी चपातीला लावून खायची."

"मग खा की," खंडू वस्तरा पुसत म्हणाला. "तुझ्या मळीवर कोण नाचलं आजवर? माझ्या मेव्हणीच्या हळदीला म्हातारे उठले."

"म्हातारे उठले तवाच मेटल बसलं."

"तुला बँड मोठा व्हायला पायजे, का तुझ्या एकट्याचा राह्यला पायजे?"

दादा खुर्चीत ताठ बसला. "रविवारी खुटबावला सत्कार हाय ना त्याचा? तोंडावर सांगतो. त्याला खरं सांगणारं दुसरं हाय कोण?"

पंधरा दिवस हेच चाललं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. चौकात फ्लेक्स लागलेला. तो करून घ्यायचं काम खंडूकडं होतं. त्यानं पहिल्या अल्बमच्या वेळची फाइल उघडून नुसतं मधलं चित्र बदललेलं. खालचे शुभेच्छुक तसेच. सगळ्यात पहिला, गॉगल लावून, नवनाथदादा. वर 'काकवीच्या घवघवीत यशाबद्दल हार्दिक अभिनंदन'.

"फोटो काढ तिथनं माझा."

"आता काय कात्रीनं काढू? पयला तूच होतास, पयलाच राह्यलास."

सम्राटला फेटा बांधला, नारळ दिला, टी-शर्टवरच्या कवटीवर शाल पांघरली. ते उरकल्यावर त्यानं दादाला फ्लेक्सच्या मागं ओढलं. मी तिथंच होतो.

"तुझा फोटो बघितला आन् जीव भांड्यात पडला. म्हटलं, ह्याला तरी आवडलं. खरं सांग नवनाथ. एक म्युझिक कंपनी पुढचा अल्बम मागतीय, तिला मी अजून होकार दिला न्हाई. तू न्हाई म्हण, पुढचा अल्बम आपल्या गुऱ्हाळात. पयल्यासारखा."

दादानं छातीत हवा भरली. हनुवटी आत घेतली. "ऐक, ऐक..."

तेवढ्यात सम्राटच्या आई, सगुणाबाई, पेढे घेऊन आल्या. एक दादाच्या हातावर ठेवला. "तू कायम यायचास बाबा. हा आत वरडायचा आन् मी बाहेर रडायची, पोराला झालंय काय म्हणून. आता समदे शब्द कळत्यात. तिसऱ्या गाण्यात माझं नाव घेतलंय त्यानं. ऐकलंस का?"

"ऐकलं मावशी."

सम्राट त्याच्याकडं बघतच होता. "मग?"

"चांगला हाय," दादा म्हणाला. "पुढचा बी असाच कर."

आणि पेढा तोंडात टाकला.

त्याच आठवड्यात सम्राटनं कंपनीला होकार कळवला. गुऱ्हाळाचे पत्रे काढून नेले. दादा रविवारी घरीच असतो.

"काय नवनाथ, तोंडावर सांगणार होतास ना?" खंडू अजून विचारतो. मी कान लावून बसतो, नवीन काही नक्कल सापडेल म्हणून. दादा मान मागं टेकवतो, डोळे मिटतो आणि खंडूकडून दाढी करून घेतो.