नाहूरच्या शेडचा मागचा दरवाजा

माझ्या तिसऱ्या कादंबरीत एक दरवाजा आहे. शेडला आग लागलेली, नायिका धुरातून येते, दरवाजाला खांदा लावते, तो उघडतो आणि ती सुटते. तिथे प्रकरण संपतं. आता खरं सांगते. तो दरवाजा मी स्वतः पाहिला होता, त्याला हात लावला होता, आणि तो वेल्डिंग मारून कायमचा बंद केलेला आहे हे लिहिताना मला पक्कं माहीत होतं. पुढे कुणीतरी विचारलं तेव्हा ही चूक मी माझ्या भावोजींवर ढकलली. दोन वर्षं गप्प राहिले. घरात मी तशी कमीच बोलते, त्यामुळे गप्प राहणं कुणाला वेगळं वाटलंही नाही.

भावोजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. नाहूरला पत्र्याचे डबे बनवणारा एक कारखाना होता, तिथे त्यांनी आगीवर लक्ष ठेवणारे फायरमन म्हणून तीस वर्षं काढली. आता ताई आणि ते मुलुंडला राहतात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते आणि उरलेल्या वेळात साहसकथा लिहिते. पहिल्या दोन कादंबऱ्यांपैकी एक बर्फाच्या डोंगरात घडते, दुसरी वाळवंटात. दोन्हीकडे मी गेलेली नाही. नकाशे आणि फोटो बघून लिहिलं होतं. भावोजींनी दोन्ही वाचल्या आणि चष्मा काढून म्हणाले, "तुझा हिरो बर्फात धावतो खरा, पण त्याचे पाय खंयच भिजलेले दिसत नाहीत गो."

मला आठवडाभर राग होता. मग मीच विचारलं, "मग कुठे पळवू त्याला? मुलुंडच्या भाजी मार्केटात?"

"पळव की. तिथे पळणं बर्फापेक्षा कठीण आहे. रविवारी चल माझ्याबरोबर. जागा दाखवतो."

त्यांची एक सवय आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुठेही गेले, की बसायच्या आधी ते दरवाजापर्यंतची पावलं मोजतात. लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता हातात घेऊन मोजतात. ताई चिडते, "अहो, नवरी बघा आधी, दरवाजे काय बघताय." ते म्हणतात, "नवरी काय कुठे जात नाही. जायची वेळ आली तर मला विचारशील."

त्या रविवारी दुपारी आम्ही नाहूरला गेलो. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, लवकरच पाडणार होते. वॉचमन भावोजींच्या ओळखीचा. आत पाऊल टाकलं आणि मी वर बघितलं. छताच्या पत्र्याला भोकं पडलेली, त्यातून उन्हाचे दांडे खाली उतरलेले. पायाखाली डब्यांची झाकणं, चपलेखाली आली की कर्रकन वाजायची, आणि तो आवाज दूरच्या भिंतीवरून परत यायचा. मी लगेच वहीत लिहिलं: इथे लपलेला माणूस श्वास घेऊ शकतो, पण पाय हलवू शकत नाही. बर्फाच्या डोंगरावर असं एकही वाक्य मला सुचलं नव्हतं. तिथे मी फक्त "भयाण शांतता" लिहिलं होतं, तेही चार वेळा.

भावोजी मला रंगखात्याच्या कोपऱ्यात घेऊन गेले. "ओढणी बांध डोळ्यांना. उजवा हात भिंतीला लाव. तसा नाही, उलटा. तळवा भाजला तर पुढे काही धरता येत नाही. धुरात डोळे गेले असं समज. आता मेन गेटपर्यंत चाल आणि मोज."

मी चालले. पहिली वीस पावलं हसत होते. मग भिंत संपली आणि हात हवेत गेला. काय घाबरले मी. त्या एका क्षणात शेड केवढी तरी मोठी झाली. मागून त्यांचा आवाज आला, "खांब आहे पुढे, दीड पावलावर." खांब लागला. पुन्हा भिंत. त्रेसष्ट पावलांवर गेटचं लोखंड हाताला लागलं, तेव्हा मी घामाने भिजले होते आणि वर इतकी खूश, की लगेच म्हटलं, "परत एकदा."

आम्ही चार वेळा चाललो. पन्नाशीची बाई आणि सत्तरीचा माणूस. वॉचमन स्टुलावर बसून बघत होता. त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

निघताना त्यांनी मला मागचा दरवाजा दाखवला. रंगखात्यापासून अवघ्या अकरा पावलांवर. "हा बघून ठेव. दिसतो, पण उघडत नाही. भंगार चोरीला जातं म्हणून वेल्डिंग मारून टाकलं. हा उघडा, नाहीतर कधीतरी माणसं मरतील, म्हणून मी किती अर्ज लिहिले. रिटायर झालो त्या दिवशीसुद्धा एक देऊन आलो." त्यांनी वेल्डिंगच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मी वहीत लिहून घेतलं: अकरा पावलं, बंद.

वही अजून माझ्याकडे आहे, म्हणून आठवण चुकली असंही म्हणता येत नाही.

कादंबरी लिहायला घेतली तेव्हा हात थांबत नव्हता. शेड, झाकणं, खांब, सगळं आपोआप येत होतं. आणि नेमक्या आगीच्या प्रकरणात मी आळस केला. प्रकाशकांचा फोन रोज यायचा, नायिका कोपऱ्यात अडकलेली, आणि समोर अकरा पावलांवर तयार दरवाजा. लावला खांदा, उघडला. कोण बघायला जाणार होतं?

पुस्तक निघाल्यावर मुलुंडच्या एका वाचनालयात कार्यक्रम झाला. भावोजींच्या कारखान्यातले पाच-सहा जुने लोक मुद्दाम आले होते. भावोजी आणि ही मंडळी रोज सकाळी गार्डनमधल्या एका बाकावर जमतात. त्यातले उंच, खणखणीत आवाजाचे सुपरवायझर उभे राहिले. "बाई, मागचा दरवाजा उघडला कसा? तो तर बंद होता."

भावोजी त्या दिवशी ताईला दवाखान्यात घेऊन गेले होते, हॉलमध्ये नव्हते. मी म्हणाले, "मला तिथल्या एका जुन्या फायरमननी माहिती दिली होती. त्यांच्या लक्षात राहिलं नसेल."

तोवर एवढ्या कार्यक्रमांत, मुलाखतींत मी पावलं मोजायची गोष्ट सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी ती माझीच युक्ती म्हणून. त्यांचा उल्लेख केला तो एकदाच, चुकीच्या वेळी.

दुसऱ्या दिवसापासून बाकावर सुरू झालं. भावोजींना तिथे सगळे 'फायर'च म्हणतात. "काय फायर, सापडला का दरवाजा?" "फायर, घराचं दार तरी माहीत आहे ना?" चेष्टाच ती. पण ज्या माणसाने त्या एका दरवाजासाठी रिटायर होईपर्यंत अर्ज लिहिले, त्याला म्हणायचं की तू तो विसरलास? भावोजी मला एक शब्द बोलले नाहीत. काही दिवसांनी ताई म्हणाली, "हे हल्ली गार्डनमध्ये जात नाहीत गं. गुडघा दुखतो म्हणतात. दुधाला मात्र लांबच्या रस्त्याने जातात, तेव्हा दुखत नाही." मी चहा ढवळत राहिले.

यंदा दुसरी आवृत्ती निघायची ठरली आणि त्याच वाचनालयाने बोलावलं. विषय, साहसकथेसाठी जागा कशी निवडावी. मी भाषण तयार करायला बसले आणि ते प्रकरण पुन्हा वाचलं. वाचता वाचता एकदम उठून उभीच राहिले. अगं, दरवाजा बंद असता तर? ती अकरा पावलं जाते, खांदा लावते, हाताला वेल्डिंगची शिवण लागते. आता तीच अकरा पावलं मागे, आणि पुढे त्रेसष्ट, धुरातून, उलटा हात भिंतीला लावून, मोजत. जागेने मला केवढी गोष्ट देऊन ठेवली होती. मी ती अर्ध्यावर सोडली, तीही खोटं बोलून. पुढच्या दोन दिवसांत मी प्रकरण नव्याने लिहून काढलं. जेवणाचीही शुद्ध नव्हती.

कार्यक्रमाला भावोजी ताईच्या आग्रहाने आले आणि शेवटच्या रांगेत बसले. बाकावरची मंडळी पुढे. मी भाषणाचा कागद बाजूला ठेवला. वही उघडून "अकरा पावलं, बंद" ही ओळ वाचली, तारखेसकट. म्हटलं, "भावोजी विसरले नव्हते. त्यांनी मला सांगितलं होतं, बोट लावून दाखवलं होतं. खोटं मी लिहिलं आणि इथेच उभी राहून त्यांच्यावर ढकललं. पावलं मोजायला त्यांनीच शिकवलं. तेही मी माझं म्हणून मिरवलं." मग नवं प्रकरण वाचलं.

मी मागे बघायचं टाळत होते. शेवटी भावोजींचाच आवाज आला.

"चूक आहे."

"आता काय चुकलं?" मी विचारलं.

"धुरात उभं राहून कोण चालतं? खाली वाकायचं, रांगायचं. श्वास जमिनीजवळ असतो."

"मग मला चालवलं कशाला चार वेळा?"

"तू नवा ड्रेस घालून आली होतीस. रांगवलं असतं तर तुझ्या ताईने मला घरात घेतलं नसतं." लोक हसले. ते मात्र हसले नाहीत. "रांगताना पावलं मोजून चालत नाही, हात मोजायचे. चौऱ्याहत्तर पावलांचे किती हात होतील?"

मोजायचं तर कुठे? शेड तर केव्हाच पाडली. तेवढ्यात ते उंच सुपरवायझर उठले आणि त्यांनी आपली खुर्ची भिंतीजवळून मध्ये सरकवली. मग शेजारच्याची. बघता बघता सगळी म्हातारी मंडळी खुर्च्या ओढायला लागली. ग्रंथपालबाई "अहो फरशी खराब होईल" म्हणत राहिल्या.

"हॉल पंचवीस पावलं आहे," भावोजी पुढे येत म्हणाले. आल्या आल्या मोजलाच असणार. "या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा, शेवटच्या वेळी एक पाऊल अलीकडे थांबायचं."

मी ओढणी डोळ्यांना बांधली आणि गुडघ्यांवर बसले. उजवा हात भिंतीला, उलटा. फरशीला फिनेलचा वास होता. वर कुठेतरी सुपरवायझरांचा खणखणीत आवाज आला.

"फायर, तू मोज. आमच्यापैकी कुणाचा भरवसा नाही."

"एक," भावोजी म्हणाले, आणि मी हात पुढे टाकला.