चिंधू मिस्त्रीने चांगलं म्हटलं, त्याची गोष्ट

पिपरी मेघे गावात ज्याला आपलं घर सजवायचं असतं तो चिंधू मिस्त्रीला बोलावतो, आणि चिंधूने तोंड उघडलं की बोलावल्याचा पश्चात्ताप करतो. चाळीस वर्षं विटा-सिमेंटात काढलेला हा माणूस चपला दाराबाहेर काढतो, ग्लासभर पाणी पितो आणि बोटाच्या पेराने भिंतींवर टकटक करत घरभर फिरू लागतो. मालकीणबाई मोबाइलवर टाइल्सचे फोटो दाखवत त्याच्या मागे मागे. चिंधू फोटोकडे ढुंकूनही पाहत नाही.

"गच्चीचा उतार कोनीकडं हाय?" तो विचारतो. गच्चीला उतार असतो हे मालकीणबाईंना तेव्हाच कळतं.

अशा लोकांबद्दल चिंधूच्या मनात फार आदर नाही, आणि का असावा? एका मास्तरांचं छत गळत होतं. त्यांनी गच्चीवर पैचं काम केलं नाही, खालून पीओपीचं नक्षीदार छत बसवलं आणि त्यात निळे दिवे लावले. दुसऱ्याच पावसाळ्यात ती नक्षी दिव्यांसकट सोफ्यावर आली. एकाने जुन्या फरशीवर नवी फरशी चढवली, दारं अडकू लागली म्हणून दारं खालून कापली, आणि मग घरात उंदीर कुठून येतात याचा वर्षभर तपास केला. तिसऱ्याने टीव्हीत पाहून स्वयंपाकघराची भिंत पाडली. ती वरचं काय पेलून उभी होती हे त्याने भिंत पडल्यावर चिंधूला विचारलं.

"पाहुण्याले दिसते तिथून सुरू करते लोक," चिंधू म्हणतो. "पानी शिरते तिथं सगळ्यात शेवटी जाते. तवापर्यंत पैसाही सरते अन् भिंतही."

त्याचा सल्ला ठरलेला आहे. आधी पाणी कुठून येतं ते पाहा आणि ते थांबवा. मग भिंत वाळू द्या. भेग असेल तर ती अजून हलते आहे की निजली आहे ते तपासा. रंग, टाइल्स, पडदे यांचा विचार त्यानंतर. सल्ला फुकट आहे, म्हणून कोणी घेत नाही. तोच सल्ला कोट घातलेल्या माणसाने नकाशावर लिहून दिला असता, तर फ्रेम करून दिवाणखान्यात टांगला असता.

आणखी एक गोष्ट सगळ्या पिपरीला ठाऊक होती. चिंधूने आजवर कुणाच्याही घराला चांगलं म्हटलं नव्हतं. स्वतःच्या हाताने बांधलेल्या घरालाही नाही. कांताने, म्हणजे त्याच्या बायकोने, नव्या स्वयंपाकघरात पहिला चहा करून मोठ्या हौसेने विचारलं होतं, कसं झालं म्हणून. "उभं हाय," एवढंच तो म्हणाला होता. कांता त्यावर दोन दिवस बोलली नव्हती.

या तोंडापायी त्याच्या लेकीचं एक लग्न मोडलं होतं. मयुरी दवाखान्यात नर्स आहे. लहानपणी बापाच्या लेव्हल पाहायच्या पाण्याच्या नळीचं दुसरं टोक धरून ती दिवस दिवस उभी राहायची. तीन वर्षांपूर्वी हिंगणघाटचं एक स्थळ जवळपास पक्कं झालं होतं. चिंधू घर पाहायला गेला आणि मुलाच्या बापाला म्हणाला, "या जिन्यावरून एक दिवस कोनीतरी पडून मरते पाहा." झालं. स्थळ परत फिरलं. मयुरी हसली होती, पण पुढे तीन वर्षं दुसरं स्थळ जमलं नाही, आणि घरात कोणी हसेना.

आता जमलं होतं. जाम गावचा योगेंद्र, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मयुरीला तो मनापासून आवडला होता. वडील मधुकरराव एसटीतून निवृत्त झालेले, हायवेपासून चार पावलांवर स्वतःचं घर. लग्नाला वीस दिवस उरले असताना त्यांनी मुलीकडच्यांना घर पाहायला बोलावलं. जामच्या बसमध्ये कांता नवऱ्याच्या कानाशी लागली.

"तिथं तोंड उघडू नका. उघडलंच त चांगलं हाय म्हना. आपन पोरीकडचे हाओ."

चिंधू खिडकीबाहेर पाहत राहिला. काळीभोर जमीन. पाणी मिळालं की फुगते, ऊन लागलं की हात जाईल एवढी फाटते. तिच्यावर घर बांधायचं तर अक्कल लागते, हे त्याचं मत त्याने मनातच ठेवलं.

मधुकररावांनी घर सजवलं होतं खरं. स्टीलचं चकचकीत रेलिंग, दारावर सोनेरी अक्षरांत नाव, आणि लग्नानंतर जोडप्याला द्यायच्या खोलीत एका अख्ख्या भिंतीला प्लास्टिकची पॅनेलं. पांढऱ्या संगमरवरासारखी दिसणारी. ती खोली दाखवताना मधुकररावांचा ऊर भरून आला होता. चिंधूचं बोट सवयीने पुढे गेलं. टक. आतून पोकळ आवाज आला. पॅनेलच्या खालच्या कडेला त्याने अंगठा लावला. कडा ओली होती.

खिडकीत कूलर होता. खाली बाहेरच्या बाजूला, भिंतीला खेटून, अळू माजलं होतं, तिकडचा धोपा. उन्हाळ्यात सगळा जिल्हा असाच वागतो. कूलरच्या टाकीत पाइप सोडायचा, आत जाऊन टीव्ही पाहत बसायचं आणि पाणी पायावर सांडून आरडाओरड झाली की उठायचं. मधुकररावांनी त्या सांडलेल्या पाण्याची बाग केली होती.

"आमच्या धोप्याच्या वड्या खाऊन पाहा, इवाई," मधुकरराव होणाऱ्या व्याह्यांना म्हणाले. "घरचाच हाय. काई कराच नाई लागत, कूलरच्या पान्यावरच वाढते."

चिंधूने वडी खाल्ली. वडी उत्तम होती. कांता त्याच्याकडे पाहत होती, मधुकरराव त्याच्याकडे पाहत होते. हिंगणघाटचा जिना त्याच्या डोळ्यांपुढे आला. चाळीस वर्षं लोकांनी भेगा झाकल्या म्हणून तो त्यांना नावं ठेवत आला होता, आणि आता घशाशी आलेलं सगळं त्याने वडीबरोबर गिळलं.

"चांगलं हाय," चिंधू म्हणाला. "खोली लय चांगली झाली."

कांताने तेव्हा कुठे वडीला हात लावला.

संध्याकाळी मयुरी ड्यूटीवरून आली. कांताने रेलिंगपासून वड्यांपर्यंत सगळं वर्णन केलं आणि शेवटी कौतुकाने सांगितलं, तुझ्या बाबांनी खोलीला चांगलं म्हटलं. मयुरीचा हात पाण्याच्या ग्लासावर थांबला.

"बाबा, काय झालं तिथं?"

"काई नाई. चांगली हाय खोली."

"तुमी आपल्या घराले चांगलं नाई म्हटलं कधी," मयुरी म्हणाली. "भिंत ओली हाय का?"

चिंधूने मान खाली घातली. त्याला लाज वाटली. ज्या लोकांची तो आयुष्यभर टर उडवत आला, त्यांच्या रांगेत तो जाऊन बसला होता, आणि तेही पोटच्या पोरीच्या खोलीसाठी.

"ओली हाय," तो म्हणाला. "मांगं भेग असन. खालची माती फुगून कोपरा उचलून राह्यली."

"मी राहनार हाओ त्या खोलीत," मयुरी म्हणाली. " उद्या सुट्टी टाकतो. आपन जाऊ."

कांता कपाळाला हात लावून बसली. लग्नाआधी नवरी सासरी जाते, आणि तीही छन्नी-हातोडा घेऊन, हे तिने कुठे ऐकलं नव्हतं. मयुरीने योगेंद्रला फोन केला. तो "या" म्हणाला, एवढाच काय तो आधार.

सकाळी नऊला दारात उभ्या असलेल्या बापलेकीला पाहून मधुकरराव चक्रावले. चिंधूने जय भीम घातला आणि सरळ मुद्द्यावर आला. "ते पॅनेल काढा लागते."

"काल त तुमी चांगलं म्हटलं."

"खोटं बोल्लो."

योगेंद्रने स्वतः स्क्रू काढले. दोन पॅनेलं खाली आली तसा खोलीत कुबट वास पसरला. भिंतीवर काळी बुरशी होती, आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून फरशीपर्यंत तिरपी भेग. चिंधूने तिच्यात बोट घातलं. अर्धं पेर आत गेलं.

"पॅनेलवाला म्हने झाकून जाते," मधुकरराव पुटपुटले. म्हणजे भेग त्यांना ठाऊक होती.

"झाकलीच की त्यानं. त्याचं काम त्यानं केलं." चिंधूचा खरा आवाज परत आला होता. "धोपा उपटा. कूलर दुसऱ्या खिडकीत लावा, नाईतर त्याचं पानी पाइपानं नालीत सोडा. भिंतीच्या बाहेरून चार फूट मुरूम टाका, वरून काँक्रीट, उतार भिंतीपासून दूर. अन् भेगीले आत्ता हात लावू नका. भिंत वाळू द्या."

"लग्न वीस दिवसांवर आलं, इवाई. पाहुने काय म्हनतीन?"

"भिंतीले पत्रिका नाई दिली तुमी."

मधुकररावांचा चेहरा लाल झाला. मुलीचा बाप घरात येऊन असं बोलतो, हे कोणताही वरपिता ऐकून घेत नाही. चिंधूने पिशवी उचलली. हिंगणघाटहून तो अशीच उचलून निघाला होता. दारापर्यंत गेलाही असता, पण मधुकरराव मयुरीकडे वळले.

"तुले काय वाटते, पोरी?"

"मले हेच खोली चालते," मयुरी म्हणाली. "पन भिंत उघडी राहू द्या. मी तिच्यावर लक्ष ठेवीन."

मधुकररावांनी त्या भेगेत स्वतःचं बोट घालून पाहिलं. मग बाहेर गेले आणि स्वतःच्या हाताने अळू उपटू लागले. चिंधूने पिशवी खाली ठेवली. काचेची बोटभर रुंदीची पट्टी काढली आणि दोन्ही टोकांना सिमेंट लावून भेगेवर आडवी बसवली. सिमेंट धरेपर्यंत पट्टी मयुरीने दाबून धरली, लहानपणी नळी धरायची तशीच. खाली तारीख लिहिली. भेग हलली की काच तडकते.

लग्न झालं. त्या भिंतीकडे पाहून पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली आणि जेवून गेले. मधुकरराव आता जाममध्ये कुणाच्याही घरी गेले की पहिल्यांदा कूलरचं पाणी कुठं जातं ते विचारतात आणि चिंधूइतकेच नकोसे झाले आहेत.

मयुरी दर रविवारी फोन करते. "काच शाबूत हाय, बाबा."

"ठीक," चिंधू म्हणतो.

"पोळ्यानंतर भेग भरू म्हनते सासरे. तुमी पाहाले या. अन् एक सांगून ठेवतो, इथं आल्यावर कशाले चांगलं म्हनू नका. नाईतर मले रात्री झोप नाई लागत."