घोडा विकून आणलेला कॉम्प्युटर

शामिरकानच्या खांद्याचं हाड किती वेळा मोडलं ते त्याला सांगता येत नसे. दुसऱ्यांची कोणती कोणती मोडली ते मात्र नावानिशी सांगायचा. सगळी उमर कोकबोरूत गेली. मुंडकं उडवलेलं बोकड पळत्या घोड्यावरून एकमेकांच्या मांडीखालून हिसकायचं, आणि हिसकताना गुडघा, कोपर, चाबूक, दात, जे चालेल ते चालवायचं. किरगिझस्तानातल्या तलासच्या खोऱ्यात त्याच्यासमोर घोडा घालायला माणसं कचरायची.

खेळ संपला तरी शामिरकानचं संपायचं नाही. दार अडलं तर दाराला लाथ, गाय हलली तर गायीच्या बरगडीत बुक्की. बायकोचे पुढचे दोन दात त्यानंच पाडलेले. ती गेली तेव्हा मयताला आलेल्या मेव्हण्याशी उंबऱ्यातच जुंपली, आणि लोकांनी आधी ह्या दोघांना सोडवलं, मग तिला उचललं.

मागं राहिली एकुलती बुरुल. तिनं लग्न केलं आणि नवरा ह्याच घरात आणला. तिलेक त्याचं नाव. चष्मेवाला, शहरातला, मेंढरू कापताना तोंड फिरवणारा. घरजावई म्हटल्यावर गावानं त्याला चघळलाच, पण गावाचं निभलं असतं. सासऱ्याचं निभत नव्हतं. गेल्या थंडीत गुरांच्या हौदावरचा बर्फ फोडायला तिलेकला उशीर झाला. शामिरकाननं चाबूक काढला, आणि पहिल्याच फटक्यात त्याच्या कानाची वरची पाळी लोंबायला लागली.

बुरुल रडली नाही. कान बांधला, हात धुतले आणि बापासमोर येऊन उभी राहिली. बापाला घरात सगळे आटा म्हणत.

"आटा, अजून एकदा ह्याच्यावर हात टाकलास तर मी ह्याला घेऊन बिश्केकला जाणार. मग तू मेलास म्हणून निरोप आला तरी यायची न्हाई."

पोरगी बोलते ते करते, हे बापाला ठाऊक होतं. तीच एकटी त्याच्यावर गेली होती. तेव्हापासून तो मुठी काखेत दाबून घरात फिरायचा आणि राग आला की बाहेर जाऊन कुंपणाचा खांब उपटायचा.

बुरुल लग्नांचे आणि कोकबोरूचे व्हिडिओ काढायची, कापून जोडून द्यायची. तिचा जुना लॅपटॉप त्या कामाला पुरा पडेना. एक दिवस कुणाशी न बोलता शामिरकाननं आपला तांबडा घोडा बाजारात नेला. गिऱ्हाइकानं दात बघायला घोड्याच्या तोंडात बोटं घातली, तर ह्यानं त्याचीच बोटं पिरगाळली. तरी घोडा विकला. "माझी कंबर आता खोगिरावर बसत न्हाई," एवढंच पोरीला म्हणाला. "घे तुझं ते यंत्र."

तिलेकनं शहरातून कॉम्प्युटरचे सुटे भाग आणले आणि जेवायच्या खोलीत दस्तरखानाचं कापड पसरून त्यावर मांडले. शामिरकान शेजारी मांडी घालून बसला, जणू घोडीच व्यायला झाली होती.

"हे मधलं चौकोनी काय रं?"

"प्रोसेसर, आटा. सगळा हिशोब हा करतो. तापतो लई. म्हणून ह्याच्या डोक्यावर हा पंखा बसवायचा."

पंखा धातूच्या ठोकळ्यावर बसवलेला होता आणि ठोकळ्याच्या तळाला राखाडी लेप होता. तिलेक वायर आणायला शेजारी गेला. शामिरकाननं ठोकळा उलटा करून पाहिला. लेपाला बोट लावलं, वास घेतला. दुकानदारानं घोड्याचा पैसा घेऊन वर चिखल फासून दिला होता, असं त्याचं मत झालं. त्यानं तो लेप शर्टाच्या बाहीनं लख्ख पुसला. तापणाऱ्या, घासणाऱ्या गोष्टीला काय लागतं ते त्याला माहीत होतं. गाडीच्या आखाला, खोगिराच्या कातड्याला, खोकणाऱ्या पोराच्या छातीला तो जे लावायचा तेच त्यानं आणलं: मेंढ्याच्या शेपटाची चरबी. ठोकळ्याला चांगली चोपडली. तिलेक आल्यावर स्वतःच्या हातानं जागेवर ठेवला आणि म्हणाला, "आवळ आता." तिलेकनं स्क्रू आवळले. म्हाताऱ्यानं कामाला हात लावला ह्याचंच त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं खाली वाकून बघितलं नाही.

पहिल्या दिवशी यंत्र चाललं. मग बुरुलनं मोठं काम लावलं आणि ते धाडकन बंद पडलं. परत चालू केलं, परत बंद. तिलेकनं आकडा बघितला, तर उष्णता उकळीला टेकलेली. त्यानं झाकण काढलं, पंखा फिरतोय का बघितलं, स्क्रू अजून पिळले, यंत्र चुलीपासून लांब नेलं, वरून टेबलफॅन सोडला. जरा वेळ चालायचं, की गप.

"मटणाचा वास येतोय," तिलेक म्हणाला.

"ह्या घरात कधी येत न्हाई?" शामिरकान म्हणाला, आणि सगळे हसले.

हसू फार टिकलं नाही. शेजारच्या गावाशी झालेला सामना बुरुलनं टिपला होता, आणि तो बघायला शामिरकाननं दुपारी सगिनला बोलावलं. सगिन म्हणजे त्याचा जन्माचा वैरी. मैदानात ह्यानं त्याच्या नाकाचं हाड मोडलं होतं, त्यानं ह्याच्या बरगड्या. आता दोघं म्हातारे झाले, रोज एकमेकांकडं चहा प्यायचे.

पडद्यावर घोडे भिडले. एक पोरगा खाली आला, त्याच्या पायावरून टापा गेल्या. सगिन पुढं सरकला. बोकड कुणाच्या मांडीखाली गेलं हे दिसायच्या आतच पडदा काळा.

"परत लाव," शामिरकान म्हणाला.

परत काळा.

सगिननं तळलेल्या बोर्सोकचा तुकडा चहात बुडवला. "बरं झालं की शामिर. घोडा दिलास, चूल आलीय. थंडीला कामी येईल." मग तिलेककडं हनुवटी केली. "जावयानं पैसं वाचवलं वाटतं. शहरातली पोरं हुशार. नवं म्हणून जुनं खपवत्यात."

तिलेक म्हणाला, "जुनं न्हाई. आटा, हा ठोकळा एकदा काढून बघायला पाहिजे, खाली काहीतरी..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. शामिरकानची मूठ जबड्यावर बसली. चष्मा भिंतीवर फुटला. तिलेक पडला तसा म्हातारा त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि मारत सुटला, ओठ, नाक, बंद झालेला डोळा. "माझा घोडा," एवढंच म्हणत होता. सगिननं मागून त्याचा गळा आवळला, तेव्हा कुठं गुडघा उचलला गेला.

बुरुल नवऱ्याकडं गेली नाही. तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि यंत्रापाशी बसली. स्क्रू सोडवले, ठोकळा उपटला. तळाला जळकी काळी खरपुडी, कडेनं वितळून ओघळलेली पिवळी चरबी. खोलीत तळलेल्या चरबीचा वास दरवळला. सगिनला न विचारता कळलं.

"आटा, हे तू केलंस?"

शामिरकाननं खरपुडीला बोट लावलं, वास घेतला. "केलं. बरं होईल म्हणून केलं."

मग त्यानं खुंटीवरचा चाबूक काढला, मूठ भिंतीला धरून उठलेल्या तिलेकच्या हातात दिली आणि त्याच्यापुढं मान वाकवून उभा राहिला. तिथली रीतच अशी: वाकवलेल्या मानेवर कुणी मारत नाही, समोरचा चाबूक परत देतो, खांद्याला हात लावतो, मिटतं. आता मिटलं म्हणून सगिननं दाढीवरून हात फिरवायची तयारीही केली.

तिलेकनं चाबूक उचलला आणि मारला. सगळ्या अंगाचा जोर लावून मारला. म्हाताऱ्याची कानशिलापासून हनुवटीपर्यंत चामडी उकलली.

शामिरकान डगमगला, भिंतीला टेकला. रक्त दाढीत उतरलं. आणि तो हसला. इतक्या वर्षांत जावयाकडं बघून पहिल्यांदा.

"आता झाला माझा जावई," तो म्हणाला. "बस. चहा घे."

तिलेकच्या डोळ्यातही काहीतरी चमकलं. चाबूक त्यानं अजून खाली ठेवला नव्हता. बुरुलनं ते बघितलं. उठून तिनं तो त्याच्या मुठीतून काढून घेतला, बोटं एक एक सोडवावी लागली.

"मी बिश्केकला चाललेय," ती म्हणाली.

"अगं, मिटलं की," शामिरकान म्हणाला. "ह्यानं मारलं, फिटलं."

"म्हणूनच. आधी घरात एक होता. आता दोन झालं." तिनं नवऱ्याकडं वळून चाबूक पुढं धरत सांगितलं, "तू येणार असशील तर ह्या घरातलं हे इथंच टाकून ये. न्हाईतर आटापाशी ऱ्हा, जमेल तुमचं."

तिलेकनं सुजलेल्या तोंडावरचं रक्त बाहीनं पुसलं. मग खाली बसून चष्म्याच्या काचा गोळा करायला लागला. "येतो," म्हणाला.

बुरुलनं ठोकळा आणि प्रोसेसर स्पिरिटनं पुसला, सुट्या भागांबरोबर आलेल्या पुडीतला, उष्णता ठोकळ्यात उतरवणारा तोच राखाडी लेप लावला, स्क्रू आवळले. यंत्र चालू करून सामना लावला आणि कपडे भरायला आत गेली. पडदा ह्या खेपेला काळा झाला नाही. घोडे भिडले, पोरगा पडला, बोकड हिसकलं गेलं. सगिन आणि शामिरकान शेजारी शेजारी बसून बघत होते. शामिरकाननं गालाला फडकं दाबलं होतं.

"बोकड कुणाचं झालं?" सगिननं विचारलं.

"त्यांचं," शामिरकान म्हणाला.

सामना संपला तशी बुरुल आली, तिनं वायर ओढली आणि यंत्र रजईत गुंडाळायला घेतलं.