पर्याय झाकून

नारायण पेठेतल्या आमच्या पुढच्या खोलीत मी बारावीच्या मुलांना प्रवेश परीक्षेचं भौतिकशास्त्र शिकवत असे. माझा एकच हट्ट होता. प्रश्नाखाली चार पर्याय असतात, ते आधी झाकायचे. स्वतःचं उत्तर काढायचं आणि मगच पट्टी सरकवायची. आपलं उत्तर पर्यायांत सापडलं की खूण करून पुढे जायचं. शेजारचा पर्याय बरा दिसतोय म्हणून मन बदललेलं मला खपत नसे. "मंडईत भाजी निवडायला आलेला नाहीत," असं मी सुनवायची. मोठ्या क्लासमध्ये पर्यायांवरून उलटं उत्तर शोधायला शिकवत. त्यात वेळ वाचतो, हे मलाही कळत होतं. पण ज्याला पर्यायांशिवाय उत्तरच सुचत नाही, त्याला विषय आला असं मी आजही मानत नाही.

झाकायला लग्नपत्रिकांच्या पट्ट्या असत. जवळच एका गृहस्थांचं पत्रिका छापायचं दुकान होतं. छपाईत बिघडलेल्या पत्रिका कापून ते माझ्याकडे पाठवत, कारण त्यांची थोरली मुलगी माझ्याकडे शिकत होती. गुलाबी पट्टीवर कुणाची तरी अर्धी सोयरीक आणि वर घर्षणाचं गणित, असा सगळा मामला. मुलीला इंजिनियर व्हायचं होतं. तिच्या अब्बांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "पुण्यात मिळालं तर शिकेल. बाहेरगावी मुलीला ठेवणार नाही." ती माझ्याकडे न बघता पट्टीची कड दुमडत बसली होती.

परीक्षा झाली खराडीला, संगणकावर. तिथे पट्टी कुठली नेऊ देतात? तिनं पडद्यावर तळहात ठेवला. पर्यवेक्षकांनी हात काढायला लावला. मग ती प्रश्न वाचून मान खाली घालायची, कच्च्या कागदावर गणित सोडवायची आणि मगच वर बघायची. हे तिनं येऊन सांगितलं तेव्हा मला अभिमान वाटला आणि काळजीही. तेवढ्या वेळात बाकीची मुलं कुठल्या कुठे गेली असतील.

गुण चांगले पडले, पण पुण्याला पुरले नाहीत. कॉलेज मिळालं ते सांगलीला. दुसऱ्या दिवशी मी भाषण पाठ करूनच त्यांच्या दुकानात गेले.

"भांडायला आलात ना, बाई? बसा." हातातला पत्रिकांचा गठ्ठा त्यांनी समोर ठेवला. "काल जेवताना तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. कॉलेजच्या नावात गाव होतं, तेवढं बोटानं झाकलेलं. म्हणाली, अब्बा, गाव राहू द्या. मी इंजिनियर व्हावं असं तुम्हाला वाटतं की नाही, एवढंच सांगा."

"मग?"

"वाटतं, म्हणालो. खोटं कसं बोलू? लगेच तिनं बोट काढलं. म्हणे, आता उत्तर बदलायचं नाही, बाईंचा नियम आहे."

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते आवरलं. माझ्या भाषणातलं एकही वाक्य आता कामाचं उरलं नव्हतं. ते गठ्ठ्याच्या कडा जुळवत राहिले. त्या जुळलेल्याच होत्या.

"बाई," त्यांनी विचारलं, "शनिवारी रात्री दुकान बंद करून निघालो, तर स्वारगेटहून सांगलीची गाडी मिळते का हो?"