आधी खडू, मंग बटन

धंद्यात बदल कसा केला ते सांगतो म्हनलं का तुमाले वाटत असन, हा पोट्टा आता टाय लावून पडद्यावर बाण अन् गोल दाखवन. दाखवू शकतो तसं. साहेब लोकांचा आवाज मले मस्त काढता येते, घसा खाकरन्यासकट. पन आमचं वर्कशॉप म्हनजे रसमड्याच्या कारखान्यांच्या एका गल्लीतलं पत्र्याचं शेड. सेठजी, आठ मानसं, लोखंड कातनारे तीन जुने लेथ. पडदा एकच आहे, तोही संडासाले.

त्या आठ मानसांत एक काका. आमचे हेड टर्नर. स्टील प्लांटमधून रिटायर झाले, घरी दोन महिने बसले, काकूशी भांडले अन् आमच्याकडं आले. काका माप कधी कागदावर लिहीत नसत. लेथच्या हिरव्या डोक्यावर खडूनं एक आकडा टाकत, बस. तोच हुकूम. काम झालं का स्वतःच्या तळहातानं पुसत. दुसऱ्या कोनी पुसला तं त्याचा दिवस खराब.

मंग सेठजीनं सीएनसी आनली. म्हनजे लेथच, पन कॉम्प्युटरवर चालनारी. आयटीआयमधे मी तिचे बटनं शिकलो होतो, म्हनून ती माझ्या हातात आली. सेठजीनं नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली अन् भाषण दिलं, "अब ड्रॉइंग सीधा मशीन में जाएगा. नई मशीन है, इस पर कोई खडू-वडू नहीं चलेगा."

काका तेव्हा मशीनच्या पांढऱ्या दरवाजासमोर खडू घेऊनच उभे होते. त्यायनं खडू खिशात टाकला. पाच वाजता आपल्या कपाटातून मायक्रोमीटरची लाकडी पेटी काढली, फडक्यात गुंडाळली, स्कूटरच्या डिकीत ठेवली अन् हुडको कॉलनीले, आपल्या घरी निघून गेले. टर्नर आपला मायक्रोमीटर घरी नेते म्हनजे त्यानं काम सोडलं. अर्ज-बिर्ज लागत नाही.

खरं सांगतो, पयले दोन दिवस मले मजाच आली. काकाच्या जागी उभा राहून मी त्यायची नक्कल करून दाखवली. चष्मा वर करनं, कातलेला जॉब कानाजवळ नेऊन टिचकी मारनं, "कावून बे, हे काय दातानं कापलं काय?" सगळे हासले. तिसऱ्या दिवशी कोनी हासलं नाही.

चवथ्या दिवशी नव्या मशीनवरून गेलेला पयला लॉट वापस आला. गनमेटलचे पिवळे बुश होते, पाच साइजचे. बुश म्हनजे शाफ्ट, फिरता दांडा, ज्यात बसते ती नळी. पार्टी म्हने, बुश बसते, पन मंग त्याच्यात शाफ्ट जातच नाही. मी मोजले. ड्रॉइंगमधे जेवढं लिहिलं होतं तेवढंच भोक, म्हनजे बोर, तंतोतंत. पार्टीनं शनिवारची मुदत दिली. सेठजी मले म्हने, "शनिवार तक नहीं हुआ तो मशीन भी वापस, और तू भी वापस."

मी जुन्या लेथजवळ जाऊन बसलो. तिथं काकाचा शेवटचा आकडा तसाच होता, पुसाची कोनाची हिंमत नव्हती. ह्याच बुशांतल्या एका साइजचा होता तो. अन् ड्रॉइंगपेक्षा एका केसाइतका मोठा. तेव्हा माझ्या डोक्यात दिवा लागला. पार्टी आपल्याकडं बुश प्रेसनं दाबून बसवते, तं बाहेरून दबला का आतलं भोक लहान होते. ड्रॉइंगमधे बसवल्यानंतरचं माप होतं. काका तेवढी जागा आधीच सोडत होते, अन् हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. बाकी चार साइजले किती सोडाचं, ते एका मानसालेच माहीत.

सेठजी जेवाले गेले होते. मी ऑफिसच्या फोनवरून काकाचा नंबर लावला अन् सेठजीच्या जड आवाजात म्हनलो, "दादा, बुश प्रेस में दब रहा है, बोर छोटा पड़ रहा है. गलती हमारी थी. खडू लेकर आ जाओ."

 तिकडून काका म्हने, "आता हूँ."

सकाळी आले. पेटी सोबत होती, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सेठजीले तं आधीच शनिवारची धास्ती होती, त्यायनं स्वतः खुर्ची आनून दिली. फोनचा विषय कोनी काढला नाही. काकानं प्रत्येक साइजचा एक बुश दाबून पाहिला, मोजला अन् पांढऱ्या दरवाजावर पाच आकडे लिहिले. सेठजीनं स्वतः लिंबू-मिरची बाजूले धरली. मी आकडे मशीनमधे टाकले. पयला बुश निघाला, काकानं मोजला. दुसरा मोजला. तिसरा मोजला.

"सारे सारखेच आहेत बे."

"हो काका, ही थकत नाही."

काकानं मशीनच्या दरवाजावर हात फिरवला, आकडे वाचवून.

शुक्रवारीच लॉट गेला, अन् शाफ्ट सरसर बसले. तेव्हापासून आमच्या शेडमधे एकच नियम आहे, आधी खडू, मंग बटन. आकडा काका टाकते, मी मशीनमधे सेव्ह करतो, मंगच काका पुसते. त्यायचे किती वर्षांचे आकडे आता तिच्या पोटात आहेत. बाजूच्या शेडचा सेठ पाहाले आला होता, इतक्या महाग मशीनवर खडू कावून म्हनून. मी छाती काढून समजावलं. ही पद्धत माझी आहे, सांगून ठेवतो.

एक दिवस चहाच्या वेळी सेठजी म्हने, "दादा, अच्छा किया आप खुद आ गए."

काकानं बिस्कुट बुडवलं, माझ्याकडं पाहिलं. "आपने ही तो फोन किया था."

"मैंने?"

मी कप ठेवून उठलोच होतो, तं काकानं कॉलर धरून मशीनमागं नेलं.

"सेठले बुश अन् बांगडीतला फरक माहीत नाही, अन् तो मले सांगते का बोर लहान पडते? पयल्याच वाक्यात ओळखलं तुले."

"मंग आले कावून, काका?"

"भोक कावून दबते हे पोराले समजलं, म्हनून आलो. पन हुडको काय चंद्रावर आहे काय? गाडी नाही तुझ्याकडं? घरी येऊन, समोर बसून, 'काका, तुमचंच बरोबर होतं' म्हनाले काय झालं होतं? दुनियेचे आवाज काढते, स्वतःचा कुठं ठेवला होता?"

मी मान खाली घातली. वाटलं, झालं यायचं बोलून.

"अन् मी नव्हतो तं माझ्या जागी उभा राहून नकला करून राहिला होता. तेही समजलं मले. चष्मा मी डाव्या हातानं वर करतो बे, उजव्यानं नाही. तेवढंही धड पाहिलं नाही तं माप काय पाहाशीन?"